काहीही न दडवलेला फोटो

ती घटना विसरायचा मी कधी प्रयत्न केला नाही, आणि ती विसरली गेलीही नाही. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, साधा गुन्हाही नोंदला गेला नाही. खात्याच्या दप्तरात तो एक चौकशी अर्ज होता आणि 'तथ्य नाही, निकाली' असा शेरा मारून बंद झाला. पण सेवेत असताना ज्या प्रकरणाने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला, ते हेच.

मी तेव्हा म्हैसूरच्या सायबर ठाण्यात निरीक्षक होतो. आमचे घराणे इथल्या जुन्या मराठ्यांपैकी. पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, असे घरात सांगतात. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण तिच्यात कन्नड इतकी मिसळलेली असते की महाराष्ट्रातून आलेला माणूस पहिल्याच वाक्याला थबकतो. लिहायची मराठी आईने शिकवली, म्हणून हे लिहू शकतो.

एके दिवशी आयुक्त कार्यालयाकडून एक निनावी ई-मेल 'चौकशी करून अहवाल सादर करावा' अशा शेऱ्यासह आमच्याकडे आली. गोकुळम भागात भाड्याने राहणारी एक परदेशी विद्यार्थिनी देशाबाहेर छायाचित्रे पाठवते, त्या छायाचित्रांच्या आत गुप्त मजकूर दडवलेला असतो आणि तिचा अतिरेक्यांशी संबंध आहे, असे त्यात म्हटले होते. तिचा पत्ता होता, कॉलेज होते, ती कोणत्या वेळी घरी सापडेल तेही होते. 'तिचा लॅपटॉप ताब्यात घेऊन उघडावा' अशी विनंतीही होती.

निनावी तक्रारी मी उभ्या नोकरीत वाचल्या. बहुतेक रागाने लिहिलेल्या असतात. लिहिणारा शेजारी असो, जावई असो की नोकरीवरून काढलेला माणूस असो, त्याचे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत बाहेर पडतेच. या ई-मेलमध्ये राग कुठेच नव्हता. इंग्रजी स्वच्छ, वाक्ये मोजकी. मी ती माझ्या उपनिरीक्षक बाईंना दाखवली. त्या बन्नूरकडच्या, ऊस-भाताच्या घरातल्या. संगणकाचे शिक्षण घेऊन पोलिसात आल्या होत्या. त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "सार, फोटोच्या आत मजकूर आहे हे याला कसं कळलं? बाहेरून बघून ते कुणालाच कळत नाही."

प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. मी तो मनात ठेवला आणि चौकशी सुरू केली.

आम्ही साध्या कपड्यांत घरमालकाकडे गेलो. ते पुण्याकडचे, इथल्या एका कारखान्यात नोकरीसाठी आलेले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलेले. खाली नवरा-बायको, वरच्या खोलीत ही मुलगी. पोलीस म्हटल्यावर ते गडबडले.

"परदेशी भाडेकरू ठेवल्याचा फॉर्म मी वेळेवर भरलाय हं, साहेब. पावती आहे."

"ते बघितलंय. बसा तुम्ही," मी म्हणालो.

"तुम्ही मराठी बोलता?"

"हौदु, म्हणजे हो. घरी मराठीच. पण आमची मराठी तुमच्या कानाला टोचेल."

ते हसले आणि जरा सैल झाले. मुलगी औषधशास्त्र शिकत होती. भाडे वेळेवर, आवाज नाही, पाहुणे नाहीत. ती कोणत्या देशाची, हे मी लिहिणार नाही. तिथे कित्येक वर्षे वर्तमानपत्रे सरकारच्या परवानगीने निघतात आणि फोन, टपाल, इंटरनेट या सगळ्यांवर पाळत असते, एवढे पुरे.

खरी माहिती दिली ती त्यांच्या पत्नीने. त्यांना ती मुलगी 'काकू' म्हणायची.

"तशी गुणी आहे हो पोर. फोटोंचं मात्र वेड आहे. रविवारी मी जे ताटात वाढीन, त्याचा फोटो काढते आणि वडिलांना पाठवते. मी म्हटलं, अगं, मोबाईलवरून टाक की झटकन, सगळं जग टाकतंय. तर नाही. लॅपटॉपला लावते, दार लावून बसते आणि मग ई-मेलने पाठवते. जेवण गार होतं. एका फोटोला एवढा वेळ कशाला लागतो, सांगा बरं?"

"आणि वडील काय पाठवतात?"

"गुलाब. त्यांच्या अंगणातले. नुसते गुलाब. एकदा मी गमतीने म्हटलं, तुझ्या बाबांना गुलाबाशिवाय दुसरं काही सुचत नाही का गं? तर आधी हसली आणि मग डोळे पुसत वर निघून गेली."

पोलिसाने माणसांच्या सवयींकडे पाहावे, असे मला माझ्या पहिल्या ठाणेदारांनी शिकवले होते. गार होणारे जेवण हा पुरावा नव्हे. पण ई-मेलमधल्या तक्रारीत काहीतरी आहे, हे त्या गार ताटावरून मला पटले.

रीतसर नोटीस देऊन मुलीला ठाण्यात बोलावले. घरमालक सोबत आले. उपनिरीक्षक बाई पूर्ण वेळ हजर होत्या. गुन्हा नोंदलेला नव्हता, म्हणून जप्ती करता येत नव्हती. तिने फोन आणि लॅपटॉप स्वतःहून तपासणीसाठी दिले, तसा पंचनामा केला आणि तिला पोच दिली. ती सडपातळ, शांत मुलगी होती. आम्ही इंग्रजीत बोललो.

"हे फोटो कशाचे आहेत?"

"जेवणाचे, सर."

"त्यांच्यात आणखी काय आहे?"

तिने हातातल्या पोचेची घडी घातली.

"वडिलांच्या फोटोंत?"

"गुलाब."

ती रडली नाही, रागावली नाही. उठताना तिने एकच प्रश्न विचारला, "सर, हे तुम्ही आमच्या दूतावासाला कळवणार का?"

चौकशीत माणूस काय उत्तर देतो यापेक्षा तो काय विचारतो, याकडे माझे जास्त लक्ष असे. निर्दोष माणूस बहुधा विचारतो, मी घरी कधी जाऊ? गुन्हेगार पोलिसांच्या हातात काय लागले आहे, याचा अंदाज घेतो. हिला आम्ही कुणाला सांगणार, एवढ्याचीच काळजी होती.

इकडे उपनिरीक्षक बाईंनी काम केले. लॅपटॉपची प्रत काढून त्या प्रतीवर तपासणी केली. थालीपिठाचा एक फोटो त्यांनी पडद्यावर दोनदा लावला. एक फोनमधला मूळ, दुसरा ई-मेलने गेलेला. मला दोन्ही अगदी सारखे दिसत होते.

"सार, फोटो म्हणजे लाखो ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला आकडा असतो. तो आकडा एकाने कमी-जास्त केला तर डोळ्याला फरक दिसत नाही. पण असे हजारो आकडे ठरवून बदलले, तर त्यांतून अक्षरं मांडता येतात. या दोन फोटोंचे आकडे जुळत नाहीत. मेसेजच्या ॲपवरून फोटो पाठवला की ते ॲप त्याला दाबून लहान करतं, आकडे बिघडतात. म्हणून ती ई-मेल वापरते."

"मजकूर वाचता येईल?"

"पासवर्ड आहे. तो नसेल तर फार कठीण. प्रयत्न करते."

म्हणजे तक्रार खरी होती. फोटोंत मजकूर होता. हे आम्हा दोघांखेरीज फक्त उपायुक्तांना मी तोंडी कळवले. लेखी काही केले नाही. उपायुक्त म्हणाले, "मजकूर काय आहे ते कळल्याशिवाय केंद्राच्या यंत्रणेकडे पाठवू नका. एकदा पाठवलं की ते आपल्या हातात राहत नाही. ते पडताळणीसाठी तिच्या देशाला विचारतीलच."

नंतर एका सकाळी ठाण्यात एक गृहस्थ आले. वय पन्नाशीचे, इस्त्रीचा कोट, हातात मिठाईचा डबा. आपण त्या मुलीच्याच देशाचे आहोत, बेंगळुरूत राहतो आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या कल्याणासाठी काम करतो, असे त्यांनी सांगितले. मुलगी अडचणीत आहे असे कानावर आले, मदत करायला आलो, म्हणाले. मिठाई मी परत केली, कॉफी मागवली. ओळखपत्र मागितले तेव्हा त्यांनी नुसते छापील कार्ड पुढे केले.

ते बराच वेळ इकडचे तिकडचे बोलले. म्हैसूरची हवा, दसऱ्याची रोषणाई. मग खुर्ची जरा पुढे ओढून म्हणाले, "आमची भाषा फार थोड्या लोकांना येते. तुम्हाला पासवर्ड मिळाला की मला बोलवा. मी सगळं वाचून देईन. विनामूल्य."

मी कॉफीचा घोट घेतला. पासवर्ड हा शब्द आम्ही ठाण्यात मोठ्याने उच्चारला नव्हता. मुलीलाही त्याबद्दल विचारले नव्हते.

"तुम्हाला काय वाटतं, काय असेल त्यात?" मी विचारले.

"ते वाचल्यावर कळेल. पण एक सांगतो, अधिकारी साहेब. ती फक्त पाठवणारी आहे. लिहिणारा कोण, हे शोधणं महत्त्वाचं आहे."

"चौकशी चालू आहे. गरज पडली तर कळवू," असे म्हणून मी त्यांना निरोप दिला.

ते गेल्यावर उपनिरीक्षक बाई आत आल्या. त्यांनी सगळे ऐकले होते. "सार, ई-मेल यांनीच पाठवली."

"असेल. सिद्ध करता येईल?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. ई-मेल ज्या मार्गाने आली होती, तो माग दोन देश ओलांडून पुसला गेला होता. पुढेही ते कधी सिद्ध झाले नाही. पण पहिल्या दिवशीच्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला मिळाले. फोटोत मजकूर आहे असा मुलीच्या देशाच्या सरकारी लोकांना संशय होता. त्यांना तो उघडता येत नव्हता आणि आपल्या देशाबाहेर मुलीला हातही लावता येत नव्हता. ते काम त्यांना आमच्याकडून करून घ्यायचे होते. अतिरेकी हा शब्द घातला की आम्ही धावणार, हे त्यांनी बरोबर हेरले होते.

मी मुलीला पुन्हा बोलावले. रविवार होता. या वेळी घरमालकांबरोबर काकूही आल्या, जेवणाचा डबा घेऊन. ठाण्यात गेल्यावर पोरीला कुणी खायला विचारत नाही, अशी त्यांची समजूत होती.

मी मुलीला त्या गृहस्थांचे वर्णन सांगितले. पासवर्डबद्दल ते काय बोलले आणि लिहिणाऱ्याबद्दल काय बोलले, तेही सांगितले. उपनिरीक्षक बाईंनी तिच्यापुढे पाणी ठेवले. तिने ग्लास उचलला, तोंडाला न लावता खाली ठेवला.

"सर, तुम्ही मला हे का सांगताय?"

"कारण मला एक अहवाल लिहायचाय. तुमच्या फोटोंत आमच्या देशाविरुद्ध काही असेल, तर मी तुम्हाला सोडणार नाही. नसेल, तर दुसऱ्या कुणासाठी ते शोधून देणं हे माझं काम नाही. पण काय आहे ते पाहिल्याशिवाय मी दोन्हीपैकी काहीच लिहू शकत नाही."

तिने ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाली, "एक उघडते."

"दोन. एक तुमचा, एक त्यांचा. आणि कोणते, ते मी ठरवणार."

हे महत्त्वाचे होते. उघडणाऱ्याने निवडलेला कागद चौकशीत कामाचा नसतो. मी यादी वर-खाली करून, न वाचता, दोन फोटोंवर बोट ठेवले. तिने पासवर्ड टाकला तेव्हा आम्ही दोघे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. अक्षरे उमटली. तिने इंग्रजीत अर्थ सांगितला, बाईंनी तोच मजकूर संगणकाच्या भाषांतराला घालून पडताळला. जुळले.

काकूंच्या ताटाच्या फोटोत तिने वडिलांना लिहिले होते की खोकल्याचे औषध मध्येच सोडू नका, परीक्षा बरी गेली, आणि मागचा लेख लोकांनी खूप वाचला, पण बाबा, आता थोडे दिवस थांबा.

गुलाबाच्या फोटोत लेख होता. तिचे वडील एका बंद पाडलेल्या वर्तमानपत्राचे संपादक. घराबाहेर पहारा. ते लेख लिहायचे, गुलाबांत घालून मुलीला पाठवायचे, आणि ती ते टोपणनावाने बाहेरच्या जगात प्रसिद्ध करायची. तिथे देशात ते चोरून वाचले जायचे. हा लेखक कोण, हे सरकार शोधत होते. मी निवडलेला लेख पावाच्या दुकानासमोरच्या रांगेबद्दल होता. त्या रांगेत आता कुणी कुणाला ओळख दाखवत नाही, कारण आज ज्याला हात केला तो उद्या नाहीसा झाला तर चौकशी आपली होते. लिहिणारा रोज त्या रांगेत आपल्या शाळेतल्या मित्राच्या मागे उभा राहतो आणि त्याच्या मानेवरचे पांढरे केस बघून परत येतो. लेख एवढाच. त्यात घोषणा नव्हती, शिवी नव्हती.

बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी चष्मा पुसला आणि विचारले, "आणखी काही सांगायचंय?"

"मला माझा लॅपटॉप आणि फोन आत्ता हवेत, सर. फक्त एक फोटो पाठवायचाय." ती आता भराभर बोलू लागली. "आमचं ठरलेलं आहे. ज्या रविवारी माझ्या फोटोत काहीच नसेल, त्या दिवशी बाबांनी सगळं थांबवायचं आणि घरात असलेलं सगळं नष्ट करायचं. फोटो आलाच नाही तर ते समजतील, इंटरनेट बंद आहे. तिथे ते नेहमीच बंद असतं. ते लिहीत राहतील आणि पाठवत राहतील. तो माणूस इथपर्यंत आलाय म्हणजे तिथे ते घराच्या दाराशी आले असतील."

मी उपायुक्तांना फोन लावला. चौकशी पूर्ण होण्याआधी, अहवालाआधी वस्तू परत देणे हे नेहमीच्या रिवाजात बसत नव्हते. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"आपल्या कायद्याखाली गुन्हा आहे का?"

"नाही, सर."

"खात्री?"

"दोन फोटो मी निवडले, सर. तिचं आणि संगणकाचं भाषांतर जुळलं. अतिरेक्यांच्या आरोपाला काहीच आधार नाही."

"मग वस्तू कुणाची आहे?"

"तिची."

"तर मला कशाला विचारताय? पोच घ्या आणि द्या."

पोच घेतली. तिने आजूबाजूला पाहिले. ठाण्यातली कोणतीच वस्तू फोटोत येऊन चालणार नव्हती. काकूंनी डबा उघडून पुढे सरकवला. साबुदाण्याची खिचडी होती. त्यांना या सगळ्यातले अर्धेच समजले होते, तरी त्यांनी वरची कोथिंबीर बोटाने सारखी केली. मुलीने फोटो काढला. सवयीने तिचा हात लॅपटॉपवरच्या त्या मजकूर दडवायच्या प्रोग्रामकडे गेला आणि थांबला. मग तिने फोटो होता तसाच पाठवला. पाठवून झाल्यावर ती काकूंच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. ठाण्यात ती रडली ती तेवढीच.

मी अहवाल लिहिला. 'सदर छायाचित्रांमध्ये वडील व मुलगी यांच्यातील खाजगी मजकूर आढळला. त्यात भारताच्या सुरक्षेस बाधक असे काही नाही. अर्जातील अतिरेक्यांशी संबंधाचे आरोप निराधार आहेत.' उपायुक्तांनी तो वाचला, 'खाजगी' या शब्दावर पेन टेकवले आणि विचारले, "हे खरं आहे?"

"प्रत्येक शब्द खरा आहे, सर."

त्यांनी सही केली. ते कोटवाले गृहस्थ नंतर दोनदा फोनवर आले. अर्ज निकाली निघाला, एवढेच त्यांना सांगितले. अहवालाची प्रत मागितली, तेव्हा रीतसर अर्ज करा म्हणालो. त्यासाठी खरे नाव आणि सही लागते. अर्ज आला नाही.

पुढे माझी बदली झाली. पदवी झाल्यावर ती मुलगी निरोप घ्यायला माझा पत्ता काढत आली. तिच्या वडिलांच्या घराची झडती झाली होती, आमच्या त्या रविवारनंतर थोड्याच दिवसांत. तिथे गुलाबांच्या झाडांखेरीज काही सापडले नाही. तरी त्यांना नेले, महिनोन् महिने ठेवले आणि शेवटी सोडले. आता ते बहिणीकडे खेड्यात राहत होते. एका कानाने ऐकू येत नव्हते. लेखक कोण, हे सरकारला कळले नव्हते.

"आता लिहितात का?" मी विचारले.

"नाही, सर. वाचणारे अजून विचारतात, तो लेखक मेला का? मला त्यांना काहीच सांगता येत नाही." मग ती म्हणाली, "बाबा जिवंत आहेत त्या फोटोमुळे. आणि लेख बंद झाले तेही त्याच फोटोमुळे. मी कधी एक धरते, कधी दुसरं."

 

निवृत्तीनंतर पोलीस प्रशिक्षण केंद्रात मला अधूनमधून बोलावतात. नावे-गावे वगळून मी हे प्रकरण सांगतो. तक्रार खरी निघाली म्हणून तक्रारदार खरा ठरत नाही, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. आपल्याला मिळालेल्या माहितीचे पुढे काय होणार, हे तपास अधिकाऱ्याने तपासाआधी विचारावे, मिळाल्यानंतर विचारून उपयोग नसतो. हे सगळे मी सांगतो, मुले ते लिहून घेतात. आणि शेवटी कुणीतरी हमखास विचारते, "सर, बाकीचे फोटो? पासवर्ड शेवटी फोडला का?"

नाही. अर्ज निकाली निघाल्यावर उपनिरीक्षक बाईंनी मला विचारले होते की लॅपटॉपची जी प्रत आपण काढली आहे तिचे काय करायचे. थोडा वेळ दिला तर आपल्याला ती उघडता येईल, असेही त्या म्हणाल्या होत्या. कुतूहल मलाही होते. मी पंचांना बोलावले आणि त्यांच्यासमोर ती प्रत पुसून टाकायला लावली. त्या बाकीच्या गुलाबांत काय लिहिले होते, ते मला माहीत नाही.